कळपाला गावबंदी नको, तारीख द्या

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा. गाव शिंदखेडा तालुक्यात, शिवारात निम्म्याहून जास्त कपाशी, बाकी मका, दादर (रब्बी ज्वारी), हरभरा. शिवरस्ते आणि बांध गाजरगवताने बुजलेत. दसरा झाला की कैऱ्यांत, म्हणजे कपाशीच्या हिरव्या बोंडांत, गुलाबी बोंडअळी सापडते. दिवाळीनंतर ठेलाऱ्यांच्या (फिरत्या मेंढपाळांच्या) मेंढ्या आणि काठेवाड्यांच्या (गुजरातेकडच्या गुराख्यांच्या) गाई शिवारातून जातात, कोणाचा तरी हरभरा खाल्ला जातो, बांधावर शिव्यागाळ होते आणि गेल्या वर्षी तर काठ्या निघाल्या. आता ग्रामसभेत कळपांना गावबंदी करण्याचा ठराव यायचा आहे. नवे सदस्य म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तणावर काय मारायचं, अळीवर काय मारायचं, आणि बंदी कायद्यात बसते का?

मी कृषी खात्यात धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत एकतीस वर्षं काढली, आधी सहायक म्हणून आणि मग पर्यवेक्षक म्हणून. आता अमळनेरकडे स्वतःचं अकरा एकर बघतो. खात्यात असतो तर या तीन प्रश्नांची तीन परिपत्रकं पाठवून मोकळा झालो असतो. वावरात उतरल्यावर कळलं की हे तिन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत. ज्या कळपावर बंदी घालायला निघालात, तोच तुमच्या बोंडअळीवरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. फक्त तो योग्य तारखेला, योग्य वाटेने यायला हवा.

अळीपासून सुरू करतो, कारण पैसा तिथे जातो. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाला, देशात २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ पासून आलं. सुरुवातीची वर्षं आपण बोंडअळी विसरूनच गेलो होतो. मग गुजरातेत गुलाबी अळी बीटीला दाद देईना, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जो दणका दिला तो तुम्हालाही आठवत असेल. या अळीची खोड अशी की अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात ती फुलात नाहीतर कोवळ्या कैरीत शिरते. शिरलेलं छिद्र कैरी वाढताना बुजून जातं. वरून कैरी ठणठणीत दिसते, आत सरकी पोखरलेली. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंपामागून पंप रिकामे करणारा माणूस खरं तर कैरीची साल धूत असतो. अळीला कपाशीखेरीज फारसं काही आवडतही नाही. भेंडी, अंबाडी, बांधावरची पेटारी अशी भेंडीच्या कुळातली चार झाडं सोडली तर तिचं जगणं पराटीवरच, म्हणजे कपाशीच्या झाडावरच.

आता मुद्द्याची गोष्ट. हंगामाच्या शेवटी थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या अळ्या कोषात जात नाहीत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात सुप्त पडून राहतात. कुठे? झाडावर राहिलेल्या किडक्या कैऱ्यांत, कवडीत म्हणजे किडून खराब झालेल्या कापसात, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, घरात साठवलेल्या कापसात, जिनिंगच्या आवारात. तिथून त्या उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला पतंग होऊन निघतात. त्या वेळी शिवारात पाते (कपाशीच्या कळ्या) आणि फुलं नसतील तर ते पतंग अंडी घालायला जागा न मिळून मरतात. पण आपल्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की ठिबकवर मे महिन्यातच कपाशी टोचतात. त्या कपाशीला पाते लागेपर्यंत पतंग हजरच असतात. त्यांचं ताट आपणच वाढतो. याच कारणासाठी अलीकडच्या काही हंगामांत १ जूनपूर्वी लागवड होऊ नये म्हणून शासनाने बियाण्याची विक्रीच लांबवली. लोकांनी गुजरातेतून पाकिटं आणली तो भाग वेगळा.

म्हणजे अळीची साखळी तुटते ती दोन जागी. एक, डिसेंबरअखेर शिवार मोकळं करून. दोन, जूनआधी लागवड न करून. मधल्या सगळ्या फवारण्या ही डागडुजी. आणि डिसेंबरात मोडता घालते ती फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी. विहिरीला पाणी आहे, भाव थोडा चढलाय, म्हणून माणूस दोन पाणी देतो आणि फेब्रुवारीपर्यंत पराटी उभी ठेवतो. मिळतं काय? दोन-तीन क्विंटल पिवळट कवडी, व्यापारी ज्याला हातात घेऊन नाक मुरडतो तसली. त्याच्या बदल्यात त्याने आपल्यासह चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना पुढच्या वर्षीची अळी पाळून दिलेली असते. मी स्वतः दोन वर्षं फरदड घेतली आहे, म्हणून हे शहाणपण फुकटचं नाही.

शेवटची वेचणी झाली की पराटीवर हिरव्या, अर्धवट, किडक्या कैऱ्या राहतात. त्या मजुरीने तोडायला कोणालाच परवडत नाही. पण मेंढी-बकरी त्या आवडीने खाते. डिसेंबरात शेतात मेंढ्या, शेळ्या, जनावरं चरायला सोडा, ही शिफारस कापूस संशोधन करणारी मंडळीही करत आली आहेत. खात्यात असताना मी ती भित्तिपत्रकावर छापून लावली, पण कळप कुठून येणार, कधी येणार, कोणत्या वाटेने येणार, हे त्या पत्रकात नव्हतं. गावात चाळीस बकऱ्या. शंभर हेक्टर पराटी त्या काय खाणार? कळप तर दिवाळीनंतर दारातूनच जातोय, आणि आपण त्याला दगड मारतोय.

मेंढी खालून चरते, गळालेली पाती-कैऱ्या वेचते. बकरी मागच्या दोन पायांवर उभी राहून शेंड्याच्या कैऱ्या ओढते. म्हणून मेंढ्यांत थोड्या बकऱ्या असलेला कळप सगळ्यात उत्तम. गाई पराटी मोडतात, पण पानोळा (पाला) खातात. वाळून उकललेल्या, कवडी झालेल्या बोंडांना मात्र कोणी तोंड लावत नाही, आणि सुप्त अळी तिथेही असते. म्हणून कळप फिरला की काम झालं असं समजू नका. कळप गेल्यावर दोन आठवड्यांत पराटी मुळासकट उपटा किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळा. ज्यांच्या घरी चूल आहे त्यांना सरपण हवंच असतं, त्यांना मना करून उपयोग नाही. कळपाने कैऱ्या खाल्लेल्या पऱ्हाट्या ढिगात घातल्या तर धोका कमी, एवढं त्यांना पटतं. उरलेली बोंडं आपटून झटकली तर आणखी बरं. एप्रिल-मेमध्ये ढीग शिल्लक असेल तर तो गावाबाहेर, कपाशीच्या वाऱ्यापासून दूर न्यायला लावा.

आता माझी चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मी माझ्या पराटीत एका ठेलारी मेंढपाळाचा कळप बोलावला. पराटीवर महिनाभर काही मारलेलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. पण शेजारच्या पट्ट्यातल्या हरभऱ्यावर घाटेअळीसाठी आदल्या दिवशी सालदाराने फवारा मारला होता आणि पंप धुतलेलं पाणी चारीत सोडलं होतं. कळप चारीवर पाणी प्यायला. रात्रीतून दोन मेंढ्या तोंडाला फेस येऊन गेल्या, तिसरी डॉक्टर आल्याने वाचली. मेंढपाळ एक शब्द वाकडा बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पैसे दिले. तेव्हापासून माझा नियम असा: चराईच्या वावरात शेवटच्या फवारणीनंतर निदान तीन आठवडे जाऊ द्यायचे. आजूबाजूला ताजी फवारणी असेल तर बांधाच्या दोन्ही टोकांना लाल फडकं बांधायचं. पंप-ड्रम धुवायचे ते नाल्यावर किंवा चारीवर नाही, स्वतःच्याच वावराच्या कोपऱ्यात खड्डा करून. तुमच्या ठरावात हे लाल फडकं जरूर घाला. मेंढपाळाला वाचता येवो न येवो, फडकं कळतं.

उपाशी कळप थेट पराटीत सोडू नये, हेही सांगतो. आधी थोडा कोरडा चारा पोटात पडला तर पोटफुगी होत नाही. आणि दादर किंवा चाऱ्याची ज्वारी कोवळी असेल, विशेषतः पाण्याच्या ताणावर सुकलेली किंवा कापणीनंतर फुटवे फुटलेली, तर त्या वावराकडे जनावर फिरकूच देऊ नका. किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते. आपले जुने लोक हे जाणत होते, ज्वारी फुलावर आल्याशिवाय दावं सोडत नसत. लागलीच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. त्यावर इंजेक्शन आहे, पण हाती वेळ फार थोडा असतो.

वाटेचं बोलू. भांडणाचं मूळ चाऱ्यात कमी आणि वाटेत जास्त आहे, हे माझं ठाम मत. पूर्वी कळप शिवरस्त्याने, नाल्याकाठाने, गायरानातून जायचे. शिवरस्त्याची रुंदी आपण दर नांगरणीला एकेक वीत खाल्ली. आज बैलगाडीच्या वाटेवर मोटरसायकल जेमतेम जाते. मग दोनशे मेंढ्या जाणार कुठून? वावरातूनच. आणि वावराचा मालक ओरडणार, ‘मन्हा वावरमा ढोरे कोनी सोडात रे?’ दोघंही आपापल्या जागी खरे.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढा. त्यावर ग्रामीण गाडीमार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात, पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. नकाशावरची वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अडथळा काढण्यासाठी अर्ज करता येतो. वाट नकाशावर नाहीच आणि बांधावरून हवी आहे, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. पण खरं सांगू? मी पाहिलेल्या दहापैकी आठ प्रकरणांत निकाल येईपर्यंत अर्जदार आणि सामनेवाले एकमेकांच्या लग्नाला जायचे बंद झाले होते. नकाशा काढा, तो चावडीवर लावा, आणि चार जाणत्या माणसांना घेऊन वाट चालून या. बहुतेक जागी अतिक्रमण दोन-चार फुटांचं असतं आणि ते करणाऱ्याला ते ठाऊक असतं.

बंदीच्या ठरावाबद्दल विचारलंत. सार्वजनिक रस्त्यावरून माणसाने आपली जनावरं घेऊन जाऊ नये, असं ग्रामसभा ठरवू शकत नाही. असा कागद पहिल्याच तक्रारीत उघडा पडेल. जंगलाच्या बाजूला तर २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मोजक्या शब्दांत मान्यच केलेला आहे. मात्र नुकसान सोसून गप्प बसा, असंही कायदा म्हणत नाही. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा आहे, अजून चालतो. पिकात शिरून नुकसान करणारं जनावर पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. जनावर स्वतःच्या गोठ्यात डांबून पैसे उकळण्याचा नाही, आणि मारण्याचा तर मुळीच नाही. तुमच्या गावातला कोंडवाडा आज कशासाठी वापरात आहे ते मला विचारू नका. आमच्या गावच्या कोंडवाड्यात मंडपवाल्याच्या खुर्च्या आहेत. तो आधी मोकळा करा. दंड आकारायला जागाच नसली की माणूस काठी उचलतो.

ग्रामपंचायतीने करण्यासारखं काम म्हणजे वही. साधी दोनशे पानी वही. कळप शिवेवर आला की पोलीस पाटील किंवा ठरवलेला माणूस नोंद करतो: मेंढपाळाचं नाव, मोबाइल, किती मेंढ्या, किती गाई, कोणत्या लसी झाल्यात, किती रात्री मुक्काम. त्याच वेळी त्याला नकाशाची प्रत आणि तारखा मिळतात: अमुक तारखेपर्यंत फक्त शिवरस्ता आणि गायरान, त्यानंतर ज्या वावरांवर पांढरं फडकं असेल तिथे चराईला मुभा. पांढरं फडकं म्हणजे वेचणी संपली, या, चरा. लाल म्हणजे फवारलंय, लांब राहा. काहीच नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय नाही. मुक्कामाच्या जागा दोन ठरवा, पाण्याजवळ पण पिण्याच्या विहिरीपासून लांब. वावरात मेंढ्या बसवायच्या असतील त्याने मेंढपाळाशी थेट ठरवावं, धान्य देतो की पैसे ते त्यांचं त्यांनी बघावं. पंचायतीने त्यात दर ठरवायला जाऊ नये. दर ठरवला की मध्यस्थ उगवतो.

लसीचा रकाना शोभेसाठी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातली लम्पीची (अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाची) पहिली नोंद आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलची. मग जनावरांचे बाजार बंद झाले, गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत आम्ही निवृत्त मंडळीही डॉक्टरांसोबत फिरलो. लम्पी मेंढ्यांना होत नाही, गाई-म्हशींना होतो, आणि तो पसरतो गोमाश्या, डास, गोचिडांमार्फत. म्हणून काठेवाडी गाईंचा मुक्काम गावगोठ्यांना खेटून ठेवू नका. गावची आणि काठेवाड्यांची जनावरं एकाच हौदावर पाजू नका. मेंढ्या-बकऱ्यांसाठी पीपीआर या साथीच्या रोगाची आणि पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस झाली का, एवढं विचारा. फिरत्या मेंढपाळाच्या लसी बऱ्याचदा राहून जातात, कारण तो कोणत्याच दवाखान्याच्या हद्दीत नसतो. तुमच्या गावी मुक्काम असताना पशुवैद्यकाला बोलावून त्याचा कळप टोचून घेतलात, तर तो पुढच्या वर्षी तुमची तारीख पाळेल. हे मी अनुभवाने सांगतो.

आता तण. गाजरगवत आपल्याकडे पन्नासच्या दशकात आलं, पुण्याजवळ ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि मग रस्त्यांनी, रेल्वेने सगळीकडे गेलं. एका झाडाला हजारोंनी बी, वीस-पंचवीस हजारांपर्यंत, आणि ते बी झोपून राहत नाही. ओल मिळाली की उगवतं, महिना-सव्वा महिन्यात फुलतं. जनावर ते खात नाही, उपासमारीत खाल्लंच तर दूध कडवट लागतं. त्यामुळे सगळं चरून झालं तरी गाजरगवत तेवढं उभं राहतं, आणि लोकांना वाटतं कळपानेच ते आणलं.

थोडंफार आणतोही. मेंढीच्या लोकरीत शंकेश्वराची काटेरी फळं, कुसळं अडकून येतात. वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेली मेंढी दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या गावी लेंडीतून बी टाकते, आणि पोटातून गेलेलं ते बी आणखी चांगलं उगवतं. म्हणून बाभूळबनातून आलेला कळप पहिल्या दोन-तीन रात्री गायरानावरच थांबवा, लगेच वावरात बसवू नका. पण तणाच्या बियांचा हिशेब मांडला तर माझ्या मते मेंढीपेक्षा रोटाव्हेटर, बाहेरगावचं हार्वेस्टर, विकतचं कच्चं शेणखत आणि पाटाचं पाणी यांनी दसपट बी आणलंय. हार्वेस्टर दारात आलं की आम्ही त्याला चहा पाजतो, त्याची जाळी कोणी झाडायला लावत नाही. शेणखत नीट कुजलं, ढीग आतून हात लावू देणार नाही इतका तापला, तर त्यातलं बहुतेक बी मरतं. कच्चं पसरलं तर तुम्ही पैसे देऊन तण पेरलंत.

गाजरगवतावर फवारणीपेक्षा हाताने उपटणं सरस, पण वेळेवर. पहिल्या दोन पावसांनंतर, जमीन ओली आणि झाड फुलायच्या आत. हातमोजे हवेतच, अंगाला खाज आणि दमा दोन्ही होतात. फुलण्याआधी उपटलेलं थेट खड्ड्यात घालून खत करा. फुललेलं मात्र खड्ड्यात नको. रोजगार हमीतून रस्त्याकडेचं हे काम बसतं का ते ग्रामसेवकाकडून बघून घ्या. गाजरगवताची पानं खाणारा, मेक्सिकन भुंगा म्हणतात तो झायगोग्रामा ऐंशीच्या दशकात देशात सोडला गेला. आता पावसाळ्यात तो बऱ्याच ठिकाणी आपला आपण दिसतो. शेजारच्या गावात पानांची चाळण झालेली दिसली तर डब्यात भरून चारशे-पाचशे भुंगे आणा आणि तुमच्या रस्त्याकडेला सोडा. तिथे मग कीटकनाशक नको, हे वेगळं सांगायला नकोच. आणि उन्हाळ्यात तरोट्याचं बी गोळा करून, उपटलेल्या जागी पावसाच्या तोंडावर फेका. तरोटा दाट उगवला की गाजरगवताला उठू देत नाही. कोवळ्या तरोट्याची भाजी होते ती आणखी वरकड.

मिठाचं पाणी फवारण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय. चालतं ते, झाड जळतं. पण काळ्या जमिनीत, वावराच्या बांधावर मी मीठ ओतणार नाही. पाण्याचा निचरा आधीच कमी, त्यात क्षार आपण हाताने कशाला घालायचे?

कपाशीतल्या तणाबद्दल थोडक्यात. लागवडीनंतर दोन दिवसांच्या आत, ओलीवर, पेंडिमिथॅलिन ३८.७ टक्के हे तणनाशक एकरी ७०० मिली. मग पंचवीस-तीस दिवसांनी एक कोळपणी, एक निंदणी. मजूर मिळत नाहीत म्हणून जी चोरटी ‘तणनाशक सहन करणारी’ पाकिटं सीमेपलीकडून येतात त्यांना मान्यता नाही. बिल नाही, उगवली नाही तर भरपाई नाही. आणि ती लावून ग्लायफोसेट हे तणनाशक मारणारा माणूस वारा फिरला की शेजाऱ्याचा मूग जाळतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंधही घातलेत. लव्हाळा आणि कुंदा यांच्यावर कोणतंच औषध पुरत नाही. एप्रिल-मेत खोल नांगरट आणि गाठी उन्हात वाळू देणं, एवढंच. नांगराच्या मागे बगळे चालतात ते कोष आणि हुमणीच वेचत असतात, ते काम फुकट होतं.

बांधावरची पेटारी, रानभेंडी मात्र मेमध्ये ठरवून काढा. कपाशी नसताना पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी तिथेच दम धरते. तापीपलीकडे यावल-रावेरला केळीवर हरण्या या विषाणूच्या रोगाने जो घात केला त्यातही केना आणि बांधावरचं इतर तण होतंच. मावा तणावरून विषाणू उचलतो आणि कोवळ्या केळीवर टाकतो. तुमच्याकडे कोणी नवी केळी लावली असेल तर त्यात काकडी-टरबुजाचं आंतरपीक घेऊ देऊ नका.

हंगामातली अळी, तेही सांगून टाकतो. लागवडीपासून पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, किंवा वीस कैऱ्या फोडून दोनमध्ये जिवंत अळी निघाली, तरच फवारणी. डोमकळी, म्हणजे आत अळी शिरल्याने न उमललेलं फूल, दिसली की तोडून चुरगाळा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. ऑगस्ट-सप्टेंबरात पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नकोत, पांढरी माशी भडकते. दोन-तीन औषधं एकत्र घोटून मारणं बंद करा. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली. मात्रा लेबलवरची, दुकानदाराच्या तोंडची नाही. सापळ्यांचे आकडे चावडीच्या फळ्यावर लिहा. आकडा दिसला की गाव एकदम फवारतं, एकेकट्याने फवारण्यात अर्थ नाही.

हे सगळं एका वर्षात बसेल असं समजू नका. पारोळ्याकडच्या एका गावात आम्ही हे लावलं. पहिल्या वर्षी सत्तर शेतकऱ्यांतल्या बावीस जणांनी पांढरं फडकं लावलं. एका मोठ्या बागायतदाराने फरदड धरलीच, आणि पुढच्या सप्टेंबरात सगळ्यात जास्त पतंग त्याच्या आसपासच्या सापळ्यांत पडले. फळ्यावर ते आकडे होते. त्याला कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या वर्षी त्याने नाताळाआधी पराटी उपटली. मेंढपाळांपैकी दोघे पुन्हा आले, एक आला नाही, त्याला धुळ्याकडे चांगला चारा मिळाला म्हणे. एक हरभरा त्याही वर्षी खाल्ला गेला. नोंद वहीत असल्यामुळे कोणाच्या मेंढ्या ते लगेच कळलं आणि दोन पायली धान्यावर मिटलं.

तुमच्याकडे आता पोळा होऊन गेलाय. म्हणजे कळप यायला दोन-अडीच महिने आहेत. नकाशासाठी अर्ज याच आठवड्यात द्या, तो वेळ खातो. रस्त्याकडेचं गाजरगवत पुन्हा फुलायच्या आत एकदा उपटून घ्या, नाहीतर कळपाच्या खुरांना लागून ते नदीपर्यंत जाईल. आणि गावबंदीचा ठराव मांडणाऱ्या सदस्यालाच त्या वहीचं काम द्या. मुक्कामाच्या दोन जागा कुठे धरताय ते मला कळवा. तुमच्या गावची गायरानाची जागा नाल्याच्या वरच्या अंगाला आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे मेंढ्या बसल्या तर पावसाळ्यात लेंड्या वाहून पिण्याच्या विहिरीकडे येतात का, हे आधी पाहायला लागेल.